तीर्थ प्यालेले उंदीर

एप्रिल लागला की मला लाकडाच्या भुशाचा वास येतो. नांदेडच्या या घरात भुसा नाही. जवळपास सुतारही नाही. तरी परीक्षांचे दिवस आले, दुपारचे रस्ते ओस पडू लागले, की तो वास येतो. त्याच्यामागून पितळी वाटी दगडावर टेकल्याचा बारीक आवाज येतो. मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवले. वासाने आठवण का जागी होते, हे मला तासभर सांगता येईल. त्या आवाजाविषयी मात्र मी वर्गात कधी बोललो नाही.

यंदा गल्लीत पुन्हा टँकर येऊ लागला आहे. म्हणून लिहितो.

लातूर तेव्हा नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरून उस्मानाबादचे नाव खरवडून लातूरचे रंगवले जात होते. पावसाने पाठ फिरवली होती. मांजरेच्या पात्रात लोक खड्डे खणत आणि झिरपलेले पाणी वाटीने घागरीत भरत. गावात ओले असे काही उरले असेल, तर तो पाट्यांवरचा रंग.

नव्या जिल्ह्याला सगळे नवे हवे होते. आमच्या महाविद्यालयालाही पदव्युत्तर वर्ग हवा होता. मानसशास्त्राचा मिळाला. सोबत अट आली, की प्राण्यांवरील प्रयोगांची सोय असली पाहिजे. मी हैदराबादेला गेलो आणि वेताच्या टोपलीत पांढरे उंदीर घेऊन आलो. कंडक्टरने टोपलीवरचे फडके उचलून पाहिले.

"ह्ये लगेज हाय का पाशिंजर?"

"विद्यार्थी आहेत," मी म्हणालो.

त्याने मला टोपलीसह मागच्या बाकावर पाठवले. उदगीरपर्यंत शेजारी कोणी बसले नाही.

प्राचार्यांनी इमारतीत उंदीर ठेवण्यास नकार दिला. वास येईल, म्हणाले. मग मी राहत होतो त्या घराच्या मागची खोली उरली. घरमालक अण्णा गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले व्यापारी, लिंगायत. त्या खोलीत पूर्वी तुरीची पोती असत. अण्णांचे अर्धे आयुष्य उंदरांशी लढण्यात गेले होते.

"सर, माझ्या बापानं उंदरं मारली, म्या मारली. आन् तुमी म्हणताव, ह्येंला खोली द्या. गंजात लोकं हसलालेत मला."

"हे तुमच्या धान्याला तोंड लावणार नाहीत. मी देईन तेवढेच खातील."

"द्याल तेवढंच खायाला उंदीर हाय का सून?"

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्यांना सारे आक्का म्हणत. "सुना बी आता द्याल तेवढं खात न्हाईत. द्या की खोली. जीव हायेत त्ये."

खोली मिळाली.

उंदीर का, असे लोक विचारत. अजूनही विचारतात. उत्तर सोपे आहे. माणसाला महिनाभर कोंडता येत नाही, त्याचे अन्नपाणी आपल्या हाती ठेवता येत नाही आणि त्याच्या आधीच्या आयुष्याचा हिशेब लागत नाही. उंदराचे हे सारे आपल्या हाती असते. माणसावर करता येत नाही ते प्राण्यावर करायचे आणि प्राण्यात दिसले ते माणसाला लावून पाहायचे, हा आमच्या शास्त्राचा जुना व्यवहार आहे. त्यातला पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्या भागात घाई करणारे फार.

पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा अंथरला आणि खोलीत फळ्यांचा एक व्यूह उभा केला. एका टोकाला प्रवेश, दुसऱ्या टोकाला पाण्याची वाटी, मध्ये वळणे आणि पुढे बंद असलेल्या आंधळ्या गल्ल्या. शेजारच्या बायका त्याला भुलभुलैया म्हणत. उंदीर आत सोडायचा, वाटीपर्यंत पोचायला लागणारा वेळ मोजायचा, चुकीची वळणे टिपायची. मात्र उंदीर धावावा यासाठी त्याला काहीतरी हवे असावे लागते. म्हणून त्याला आधी तहानलेले ठेवायचे. तृप्त उंदीर शास्त्राच्या उपयोगाचा नसतो, असे आम्हाला शिकवले होते. मीही तसेच शिकवत होतो.

खिडकीबाहेर टँकरमागे माणसे धावत. खिडकीच्या आत वाटीमागे उंदीर धावत. मी दोन्हीकडे न पाहता हातातल्या घड्याळाकडे पाही.

त्या वर्षीची माझी एकच विद्यार्थिनी लक्षात राहिली. नसीम, उदगीरची. वडील घड्याळे दुरुस्त करत. लातुरात ती मुलींच्या वसतिगृहात राही आणि सकाळी घागर भरून झाली की उंदरांकडे येई. तिच्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. रोज सराव करणारा उंदीर लवकर शिकतो, की दिवसाआड करणारा? खिडकीकडच्या पिंजऱ्यांतले उंदीर रोज धावत, भिंतीकडचे दिवसाआड. प्रबंध त्याच हंगामात द्यायचा होता. विद्यापीठ मुदत वाढवून देत नसे, आणि घरून तिला एवढेच एक वर्ष मिळाले होते. ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही. मला ते आवडले.

भिंतीकडचे उंदीर शिकू लागले. खिडकीकडचे शिकेनात.

"सर, हे बघा," नसीम म्हणाली. "ह्याला आत सोडून राहिले तर हा फिरायला आल्यासारखा फिरतो. प्रत्येक गल्लीत डोकावतो. वाटीजवळ जातो, वास घेतो आणि मिशा पुसत बसतो."

"आजारी आहे का?"

"आजारी? हा भिंतीकडच्यांपेक्षा गुबगुबीत आहे. सगळी ओळच मठ्ठ निघाली."

"उंदीर मठ्ठ नसतो. मांडणीत चूक असते. शोधा."

तिने व्यूह धुतला; कोरड्या दिवसांतही तेवढे पाणी त्याच्यासाठी राखलेले असे. जागा बदलली, घड्याळ तपासले. चूक सापडली नाही. महाविद्यालयातला एक सहकारी म्हणाला, निष्कर्ष तर छानच आहे. रोजच्या सरावाने बुद्धी बोथट होते, एवढे लिहा आणि मोकळे व्हा. नसीमने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही, तिनेही नाही. जे कळलेले नाही त्यावर निष्कर्षाची पाटी रंगवायची नसते. गावात तेव्हा तेवढे एकच काम जोरात चालले होते. आम्ही त्यात भर घातली नाही.

मग वसतिगृहात सूचना लागली. पाणी पुरत नाही. मुलींनी आपापल्या गावी जावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी नसीमचे वडील उदगीरहून आले. काळी टोपी, खिशाला अडकवलेले भिंग, पायांत धुळीने पांढरे झालेले बूट. अण्णांच्या अंगणातल्या बाजेवर बसले.

"सर, पानीच नहीं तो बच्ची रहती कैसी? सुबू की गाडी से लेके जातूं."

"तिचे काम अपुरे आहे."

"काम!" ते उदास हसले. "मोहल्ले में लोगां पूछरें, बेटी क्या पढरी करके. मैं क्या बोलूं सर? चुहे?"

"मानसशास्त्र म्हणावे."

"वो बोला तो और पूछतें."

नसीम खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, सकाळी एकदा येऊन जाईन इथे. मग निघू." त्यांनी मान डोलावली. ते कठोर नव्हते. पाणी नव्हते.

तहानेविषयी तोवर मी बरेच वाचले होते. प्रेरणा, गरज, गरजेची पूर्ती, पूर्तीने पक्की होणारी वर्तणूक. वाक्ये नीट होती. पण त्या उन्हाळ्यात तहान ही माझ्या भोवताली अभ्यासाची गोष्ट उरलीच नव्हती. ती कळशी घेऊन उभी असे. ती भांडत असे. कधी ती दुसऱ्याची कळशी पुढे सरकू देत असे, आणि याचे स्पष्टीकरण त्या वाक्यांत नव्हते.

सकाळी नसीम नेहमीपेक्षा लवकर आली, कारण वसतिगृहात घागर भरायला पाणीच उरले नव्हते. मी अंगणात होतो. तिची हाक ऐकून घराच्या मागे गेलो. खिडकीशी आक्का उभ्या होत्या. केस ओले नव्हते. त्या दिवसांत कोणाचेच नसत. कपाळावर भस्माचे पट्टे होते. हातात पितळी वाटी होती आणि गजांतून हात घालून त्या पिंजऱ्यातल्या रिकाम्या भांड्यात थोडे थोडे पाणी ओतत होत्या. हात पोचेल तेवढ्याच पिंजऱ्यांत. म्हणजे खिडकीकडच्या ओळीत.

"आक्का!" नसीमचा आवाज चढला. "तुम्ही पाणी पाजून राहिलात यांना? रोज?"

"पानी न्हाई पोरी. तीर्थ हाय."

मी विचारले, "कशाचे तीर्थ?"

"लिंगपूजेचं. आदी बेलाच्या बुंध्याला घालत व्हते. बेल वाळला. वाळल्या झाडाला घालणं म्हंजे मातीत सांडणं. तीर्थ पायदळी पडू देत न्हाईत सर. मग कुणाच्या मुखात घालावं? ह्ये तर तोंड वासून बसल्याले."

"त्यांना मुद्दाम तहानलेले ठेवले होते. तो प्रयोग होता."

"मुद्दाम?" आक्कांनी वाटी खिडकीच्या दगडावर टेकवली. तो हा आवाज. "आमाला वाटलं, टँकर आला न्हाई म्हून."

त्यांच्या जागी दुसरे काही कोणाला वाटले असते? गावात माणसेही तहानलेली होती. ती मुद्दाम ठेवली आहेत असे कोणी मानत नव्हते. उंदरांचेही तसेच असेल, असे त्यांनी धरले. चूक त्यांच्या समजुतीची होती, पण ती चूक करायला ते गाव, ते वर्ष आणि ते घरच लागत होते.

मी रागावलो होतो. ते लपवले नाही. म्हणालो, "आक्का, या मुलीचे वर्ष गेले."

आक्कांचा चेहरा उतरला. अण्णा मागून आले होते, ते दबक्या आवाजात म्हणाले, "म्हणलं व्हतं ना, उंदरांच्या नादी लागू नका. आता उंदरं बी सोवळ्यात गेली."

नसीम पिंजऱ्यांकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "सर, यांना तहान नव्हती."

"तेच तर झाले."

"नाही, सर. तहान नव्हती, तरी हे रोज आत फिरले. प्रत्येक गल्लीत गेले. वाटी कुठे आहे ते पाहिले. फक्त प्यायले नाहीत, कारण गरज नव्हती. मग यांना रस्ता माहीत नाही असं आपण का म्हणतो? आपण विचारलंच नाही यांना."

मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणत होती ते ग्रंथांत होते. बक्षिसाविना, गरजेविना प्राणी परिसर मनात नोंदवतो. ते ज्ञान सुप्त राहते आणि गरज पडली की एकदम वर येते. मी ते शिकवलेही होते, इतर दहा गोष्टींबरोबर. पण पाठ असलेली गोष्ट समोर येऊन बसली, तेव्हा ओळखली तिने.

"काय हवे?" मी विचारले.

"एक दिवस. आज यांना कोणी पाणी द्यायचं नाही. उद्या एकदा सोडायचं. रस्ता येत असेल तर पहिल्याच वेळी दिसेल. भिंतीकडच्यांशी ताडून बघता येईल."

तिचे वडील एव्हाना फाटकाशी आले होते. हातात तिची पत्र्याची पेटी. सारे ऐकून ते म्हणाले, "एक दिन का क्या है. रातको हमारी आपा के घर रह लेंगे. लेकिन सर, एक दिन बोले तो एक दिन."

उरल्या आक्का. त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिले. तीर्थ त्यांचे, नेम त्यांचा.

"आज देऊ नका," मी म्हणालो. "उद्या सकाळी काम झाले की हवे तेवढे द्या."

त्यांनी दगडावरची वाटी उचलली. मग म्हणाल्या, "पोरीसाठी ऱ्हाते. पर एक हाय. त्येंला पानी न्हाई, तवर मला बी न्हाई."

"अगं, भाईर ऊन बघ," अण्णा म्हणाले. "येडं बिडं लागलं का? उंदरांसंगं उपास?"

"तुमी गप बसा. तान्हेल्याला नको म्हणायचं आन् आपुन घटाघटा प्यायचं, ह्ये माझ्याच्यानं हुयाचं न्हाई."

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. प्राण्यांवरील प्रयोगात प्रयोगकर्त्याने स्वतः सामील व्हायचे नसते, असे काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि आपली वाटी पालथी घातली.

तो दिवस लांब गेला. पत्रे तापले. आक्का ओसरीच्या सावलीत डाळ निवडत बसल्या. नसीमने दोनदा लोटा आणून त्यांच्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा तो तसाच आत गेला. तिसऱ्यांदा तिने आणला नाही, आणि स्वतःही दिवसभर प्याली नाही, हे मला तिच्या कोरड्या ओठांवरून कळले.

सकाळी आम्ही व्यूहाभोवती जमलो. आक्का दाराशी, भिंतीला टेकून. माझे घड्याळ नसीमच्या वडिलांनी मागून घेतले, कानाला लावले, किल्ली थोडी फिरवली आणि म्हणाले, "टाइम मैं देखता." त्यांना नाही म्हणणे मला जमले नाही. घड्याळ त्यांच्या हातात माझ्या हातापेक्षा शोभत होते.

नसीमने खिडकीकडच्या ओळीतला पहिला उंदीर आत सोडला. तो क्षणभर थांबला. नाक वर केले. मग निघाला. पहिले वळण डावे, दुसरे उजवे, आंधळ्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभरही न रेंगाळता पुढे. शेवटचे वळण, वाटी. त्याने तोंड पाण्यात घातले.

नसीमच्या वडिलांनी घड्याळ थांबवले. ते घड्याळाकडे पाहत नव्हते.

"अरे," ते म्हणाले, "इन्नो को तो मालूम था!"

दुसराही तसाच गेला. तिसरा एका गल्लीत शिरला, पण लगेच फिरला. एकामागून एक उंदीर जात होते, पीत होते, आणि नसीम मिटल्या ओठांनी टिपत होती. भिंतीकडच्यांना जे कित्येक फेऱ्यांत आले ते यांनी पहिल्या तहानेत करून दाखवले. इतके दिवस आम्ही ज्यांना मठ्ठ म्हणत होतो ते शिकत होते. आम्ही विचारत होतो तो प्रश्न त्यांना लागू नव्हता, एवढेच.

शेवटचा उंदीर पिऊन बाजूला झाला. नसीमने पेन खाली ठेवले आणि दाराकडे पाहिले.

"आक्का, झालं."

आक्कांनी लोटा तोंडाला न लावता वरून धार सोडली. खोलीत तेवढाच आवाज होता. मग त्यांनी लोटा नसीमकडे दिला. नसीमनेही वरून धार घेतली. तिच्या वडिलांनी तोंड दुसरीकडे वळवले आणि माझे घड्याळ उगाच पुसत राहिले.

दुपारच्या गाडीने ती उदगीरला गेली. प्रबंधाचा विषय बदलला, मांडणी बदलली. वडिलांच्या दुकानात, उघडलेल्या घड्याळांच्या शेजारी बसून तिने तो लिहिला. मी तपासला. कार्यपद्धतीच्या प्रकरणात तिने साफ लिहिले होते, की एका गटास घरमालकिणीने लिंगपूजेचे तीर्थ दिले; आणि चाचणीच्या आदल्या दिवशी त्या स्वतःही पाण्याविना राहिल्या. मी पहिल्या वाक्याच्या जागी 'अनियोजित जलप्राशन' असे सुचवले. तिने ते घेतले नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी बरेच विचारले, तिने उत्तरे दिली. अखेर त्यांनी त्या पानावर बोट ठेवले.

"मालकिणीच्या उपवासाचा निष्कर्षाशी काय संबंध?"

"काही नाही, सर."

"मग हे वाक्य काढता येईल?"

"येईल, सर. पण मग प्रयोग आम्ही दोघांनीच केला, असं होईल."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाक्य राहिले. ती उत्तीर्ण झाली. आता तिचा स्वतःचा विभाग आहे.

उंदीर अण्णांच्या मागच्या खोलीतच राहिले, म्हातारे होईपर्यंत. पुढच्या पावसाने बेलाला बुंध्यातून फुटवा आला, तरी वाटीतले थोडे तीर्थ खिडकीकडे जातच होते. मी तिकडे पाहत नसे.

पुढे मी नांदेडला आलो. येथेही प्रयोगशाळा उभी केली. व्यूह होता, पिंजरे होते, आणि एक नियम होता: ज्याने प्राण्याचे अन्न किंवा पाणी बंद करायचे, त्याने तेवढा वेळ स्वतःचेही बंद ठेवायचे. विद्यार्थी कुरकुरत. काहींनी प्राचार्यांकडे तक्रार केली. नियम राहिला. तो लागू झाल्यापासून उपासतहानेचे प्रयोग आपोआप कमी झाले, आणि मुले प्राण्याकडे आधी नुसतेच पाहू लागली; तो काय करतो, कुठे थांबतो, काय त्याला आधीच ठाऊक आहे.

दरवर्षी, एप्रिलच्या सुमारास, कोणीतरी नवा विद्यार्थी नियमाचे कारण विचारी. मी म्हणे, आज सायंकाळपर्यंत पाण्याविना राहा, मग विचारा.

सायंकाळी कोणी विचारले नाही.